सुटलेलं कॉलेज पुन्हा धरताना: ठाणे-नवी मुंबईतल्या चाळिशी-पन्नाशीच्या विद्यार्थ्यांसाठी

आधी उठून कपाटातली दहावी-बारावीची मार्कशीट शोधा. सापडली तर पुढे वाचा. नाही सापडली तरी वाचा, पण मग तुमचं पहिलं काम वाशीला आहे, हे आताच सांगून ठेवते.

मी १९९४ साली महाडला बारावी झाले. पुढच्या वर्षी लग्न होऊन ठाण्यात, कोपरीत आले. कॉलेज राहिलं ते राहिलंच. २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं आणि इतिहास घेऊन ते पूर्ण केलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या, ओळखीपाळखीच्या दहा-बारा जणांचे फॉर्म मी शेजारी बसून भरले आहेत. त्यात ऐरोलीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारे एक दादा आहेत, अंगणवाडीच्या दोन ताई आहेत, आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेले एक काकाही आहेत. त्या सगळ्यांना सुरुवातीला एकच भीती होती, 'आता डोक्यात शिरेल का?' प्रत्यक्षात डोक्यामुळे कुणाचंच अडलं नाही. अडलं ते जुन्या कागदांमुळे, नावामुळे आणि वेळेचा हिशेब न केल्यामुळे. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

धागा नेमका कुठे तुटला

'माझं शिक्षण अर्धवट राहिलं' एवढं म्हणून भागत नाही. शेवटची पास झालेली परीक्षा कोणती, हे एका कागदावर लिहून काढा. पुढची वाट त्यावर ठरते.

दहावी किंवा बारावी राहिली असेल तर थेट पदवीचा विचार बाजूला ठेवा. राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. त्यासाठी भरायचा तो १७ नंबरचा फॉर्म. वयाची वरची मर्यादा नाही, पेपर मराठीतून लिहिता येतात, आणि फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात. परीक्षा त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. शेवटच्या शाळेचा दाखला लागतो, तो आधी काढून ठेवा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी असते. म्हणजे दोन विषय या खेपेला आणि तीन पुढच्या खेपेला, असं जमतं. सहाही विषयांचं ओझं एकदम झेपणार नसेल, तर मी एनआयओएस सुचवते. मराठी माध्यम आणि ओळखीचा अभ्यासक्रम हवा असेल तर १७ नंबर.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यात एका ताईंची तीन वर्षं गेली आहेत. बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसण्याची वाट आपल्याकडे बरीच वर्षं लोकप्रिय होती, आणि त्यातून पदवीधर झालेले खूप लोक आहेत. पण पुढे वकिली करायची झाली तर बार कौन्सिलचे नियम दहावी, बारावी आणि मग पदवी, असा क्रम मागतात. बारावीशिवायची पदवी तिथे चालत नाही. सरकारी नोकरीत, बढतीतही यावरून प्रश्न निघालेले आहेत. तेव्हा बारावी वगळून वेळ वाचवू नका. एक वर्ष जास्त गेलं तरी पाया पक्का होतो.

बारावी झाली असेल तर मार्ग सरळ आहे, पुढच्या भागांत तोच आहे.

पदवी अर्धी राहिली असेल, म्हणजे एफ.वाय., एस.वाय. झालं आणि टी.वाय.च्या दोन विषयांत अडकलं, अशी गोष्ट असेल, तर घाई करून नव्याने पहिल्या वर्षाला नाव घालू नका. जुन्या मार्कशीट घेऊन आधी आपल्या जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. तिथे तीन प्रश्न विचारा: माझ्या जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा अजून होते का? होत नसेल तर माझे कोणते विषय नव्या अभ्यासक्रमात धरले जातील? आणि मी झालेली वर्षं धरून दूरशिक्षणात थेट पुढच्या वर्षाला जाऊ शकते का? उत्तर तोंडी मिळालं तर नम्रपणे अर्ज लिहून द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मुंबई विद्यापीठाचं परीक्षा भवन कालिना इथे आहे, पण कॉलेजचं पत्र हातात नसताना तिथे हेलपाटा घालू नका. ठाण्याहून कुर्ला, तिथून रिक्षा, यात अर्धा दिवस जातो.

मार्कशीट हरवली असेल तर

राज्य मंडळाच्या मुंबई विभागाचं कार्यालय वाशीत आहे. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड हे जिल्हे त्याच्या अखत्यारीत येतात. म्हणून महाडला बारावी झालेल्या माझ्यासारखीचं कामही वाशीलाच झालं. तुम्ही साताऱ्याला किंवा जळगावला शिकला असाल तर तुमचा विभाग वेगळा, हे लक्षात ठेवा. दुय्यम मार्कशीटसाठी परीक्षेचं वर्ष, महिना आणि बैठक क्रमांक लागतो, आणि अर्जाला शाळेची किंवा ज्युनिअर कॉलेजची शिफारस लागते. बैठक क्रमांक आठवत नसेल तर घाबरू नका, शाळेच्या जुन्या निकालपत्रकात तो असतो. शाळेत जाताना शेवटचं वर्ष आणि तुकडी सांगता आली की क्लार्कलाही शोधायला सोपं जातं. त्याआधी डिजिलॉकरवर, म्हणजे सरकारच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन कपाटात, तुमची मार्कशीट दिसते का तेवढं पाहून घ्या. पुष्कळांचा हेलपाटा तिथेच वाचतो.

मधल्या वर्षांत शिक्षण नव्हतं, त्याचं प्रतिज्ञापत्र बरीच कॉलेजं मागतात. त्याला सगळे 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. ठाण्यात कोर्ट नाक्याला नोटरी आणि टायपिंगवाले एकाच जागी मिळतात. त्यात 'या काळात मी दुसऱ्या कोणत्याही संस्थेत शिकत नव्हतो/नव्हते' हे वाक्य आहे ना, ते सही करण्यापूर्वी पाहा.

नाव

विवाहित बायकांनी हा भाग दोनदा वाचावा. पुरुषांनीही वाचावा, कारण नावाच्या स्पेलिंगचा घोळ सगळ्यांच्याच कागदांत असतो.

माझ्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. आधारवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. पॅनवर मधलं नावच नाही. बँकेच्या पासबुकात माझ्या नावाचं स्पेलिंग निराळं. बाईच्या आयुष्यात यात वावगं काही नाही, आपल्याकडे असंच होत आलं. पण ऑनलाइन फॉर्म भरताना मशीन या चार नावांना चार माणसं समजतं.

आता तर हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. शैक्षणिक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचा एबीसी आयडी लागतो, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि आधारवरचं नाव उचलतो. त्याशिवाय दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणाऱ्यांना २०२४ पासून यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डीईबी आयडीही (त्यांच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. मी प्रवेश घेतला तेव्हा तो नव्हता. पण नंतर ज्यांचे फॉर्म भरले, त्यांतल्या चार जणी याच पायरीवर अडकल्या. आधारवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं.

यावर माझं मत असं, की लग्नानंतरचं नावच पुढे चालवायचं असेल तर कॉलेजचा फॉर्म हातात घेण्याआधी राजपत्रात नावबदल करून घ्या. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये तो छापून येतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. जुनं नाव मार्कशीटवर आहे तसंच अक्षर न अक्षर लिहा, आणि नवं नाव आधारवर आहे तसंच. इथे एक वेलांटी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. राजपत्राचं ते पान आणि विवाह नोंदणीचा दाखला, हे दोन कागद म्हणजे तुमच्या जुन्या आणि नव्या नावामधला पूल. त्यांच्या दहा-दहा झेरॉक्स काढून ठेवा.

माहेरचंच नाव पदवीवर हवं असेल, तर तोही चांगला निर्णय आहे. आमच्या गटातल्या एका ताईंनी तसंच केलं. मग आधारच मार्कशीटप्रमाणे करून घ्या. दोन्हीपैकी काहीही करा, पण मधे लटकत ठेवू नका. आणि फॉर्मवर 'मधलं नाव' असा रकाना आला की तिथे वडिलांचं घालायचं की नवऱ्याचं, हे घरी बसून ठरवा. काउंटरवर ठरवू नका.

रोजचं कॉलेज की दूरशिक्षण

बी.ए., बी.कॉम.ला वयाची वरची अट नाही. तेव्हा रोजच्या कॉलेजात जाऊन विशीतल्या मुलांच्या शेजारी बसायची इच्छा असेल तर नियम आडवा येत नाही. ठाण्यात जोशी-बेडेकर आहे, ज्ञानसाधना आहे. वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय. नव्या पनवेलला चांगू काना ठाकूर. पण तिथे ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि प्रकल्प, अंतर्गत परीक्षा वर्षभर चालू असतात. दुपारनंतरची नोकरी असेल आणि कॉलेज सकाळचं असेल तर जमतं. सकाळी आठला रबाळ्याच्या कंपनीत पंच करायचं असेल तर नाही जमत. उगाच मन मारून फी भरू नका.

दूरशिक्षणात आपल्या भागातल्या लोकांसमोर मुख्य तीन दारं आहेत.

मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून चालू आहे. जुने लोक त्याला 'आयडॉल' म्हणतात, आता त्याचं नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असं आहे. मुख्य कार्यालय कालिन्याला, आणि ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. कला आणि वाणिज्यला उत्तरं मराठीतून लिहिता येतात.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकचं, १९८९ चं. त्याची अभ्यासकेंद्रं ठिकठिकाणच्या कॉलेजांत असतात. त्याची पुस्तकं मराठीत, घरी एकट्याने वाचून समजतील अशी लिहिलेली असतात. ज्यांचं सगळं शिक्षण मराठीतून झालं आणि मधे वीस वर्षं गेली, त्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवते.

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे केंद्राचं, १९८५ चं. प्रवेश जानेवारी आणि जुलैमध्ये, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. नोकरीत बदली होऊन महाराष्ट्राबाहेर जावं लागण्याची शक्यता असेल, तर इग्नूचा फायदा मोठा, कारण परीक्षा केंद्र बदलून मिळतं. शिवाय तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. ही सवलत किती मोलाची आहे ते तासांच्या हिशेबात कळेल.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं एसएनडीटी विद्यापीठ बायकांसाठी आहेच. तिथे किंवा आणखी कुठेही जा, पण ज्या विषयाची पदवी घेणार, ती त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत मान्यताप्राप्त आहे का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असूनही एखादा विशिष्ट अभ्यासक्रम यादीत नसतो.

वकिली, वैद्यकीय, नर्सिंग, इंजिनिअरिंग या पदव्या दूरशिक्षणातून होत नाहीत. कुणी देतो म्हणाला तर तिथून उठा. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करायची असेल तर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात. आत्ता बी.ए.ला बसतानाच हा आकडा डोक्यात असू द्या.

आणि एजंट. २०१६ च्या सुमारास मी पहिला प्रयत्न केला होता. स्टेशनबाहेरच्या एका गाळ्यातल्या क्लासवाल्याने 'एका वर्षात डिग्री' सांगून माझ्याकडून रोख पैसे घेतले. परराज्यातल्या विद्यापीठाचा फॉर्म भरला म्हणाला. पावती त्याच्याच क्लासच्या नावाची होती. सहा महिन्यांनी गाळा बंद. पैशांपेक्षा जास्त दुःख याचं झालं, की त्यानंतर सहा वर्षं मी या विषयावर घरात तोंड उघडलं नाही. तेव्हा तीन गोष्टी घट्ट धरा. पदवीला तीन वर्षं लागतात, एका वर्षात कुणीही ती देऊ शकत नाही. विद्यापीठांना आपली केंद्रं फ्रँचायझीने चालवायला देण्याची परवानगी नाही. आणि फी भरायची ती फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, विद्यापीठाच्या नावाची पावती घेऊन.

फॉर्म भरायला बसाल तेव्हा

मोबाइलवर भरू नका. मुलाचा, भाच्याचा लॅपटॉप घ्या किंवा सायबर कॅफेत जा, पण पासवर्ड आणि ईमेल तुमचा स्वतःचा ठेवा. कॅफेवाल्याने सोयीसाठी आपलाच ईमेल घातला, आणि पुढे हॉलतिकीट त्याच्याकडे गेलं, हे मी दोनदा पाहिलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही आदल्या दिवशी बघा, सगळे ओटीपी तिथेच येतात.

फोटो, सही, मार्कशीट, दाखला, आधार, राजपत्र, जातीचा दाखला असल्यास तो, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने. फाइल किती केबीची चालते ते फॉर्मवर लिहिलेलं असतं, त्याहून मोठी असेल तर झेरॉक्सवाला छोटी करून देतो. शेवटचं बटण दाबण्यापूर्वी भरलेला फॉर्म छापून घ्या आणि चष्मा लावून कागदावर वाचा. पडद्यावर निसटलेली चूक कागदावर दिसते. विषय निवडताना 'सोपा कोणता' असं विचारू नका. तीन वर्षं ज्याची पुस्तकं रात्री अकराला उघडायची इच्छा होईल, तो घ्या.

पैशांचं थोडक्यात. दूरशिक्षणाची फी रोजच्या खासगी क्लासेसच्या मानाने पुष्कळ कमी असते, पण परीक्षा फी, पुस्तकं आणि ये-जा वेगळी धरा. आयकरात सवलत मिळते ती मुलांच्या ट्यूशन फीवर, स्वतःच्या फीवर नाही. स्वतःच्या शिक्षणासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं तर त्याच्या व्याजावर मिळते, आणि या दोन्ही जुन्या करप्रणालीतल्या गोष्टी आहेत. रेल्वेचा विद्यार्थी पास मात्र धरून चालू नका, त्याला सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी लेखी घ्या. बढतीसाठी पदवी दाखवाल तेव्हा ती लागते.

तासांचा हिशेब

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास धरतात, वाचन, स्वाध्याय, व्याख्यान सगळं मिळून. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे १२० तास. सहामाहीचे २४ आठवडे धरले तर एका पेपरला आठवड्याला ५ तास. पाच पेपर असतील तर आठवड्याला २५ तास.

आता स्वतःचा आठवडा मांडा. घोडबंदरहून महापेला कामाला जाणाऱ्या, घरी दोन मुलं आणि वयस्कर सासरे असलेल्या बाईला २५ तास कुठून मिळणार? मिळत नाहीत. मला १४ मिळायचे. हे आधी कागदावर दिसलं म्हणून मी निराश झाले नाही. दर सहामाहीला तीन पेपर नीट करायचे आणि दोन फक्त पास होण्यापुरते, असं ठरवलं. एकदा एका पेपरला बसलेच नाही, पुढच्या खेपेला दिला. तरुणपणी एटीकेटी म्हणजे मान खाली घालायची गोष्ट होती. या वयात ती वेळेची आखणी आहे.

माझे १४ तास असे निघायचे. पहाटे साडेचार ते सहा, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे साडेसात. रविवारी दुपारी तीन. उरलेले साडेतीन गाडीत. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बरला अर्धा तास लागतो. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून मी उत्तरं आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि कानात घालून ऐकायचे. ऐरोली ते तुर्भे एक प्रश्न होतो. पहाटेचं वाचन, गाडीतलं ऐकणं आणि रविवारचं लिहिणं, असे एकाच धड्यावरून तीन हात फिरले की तो विसरला जात नाही.

घरात जागा नसेल तर बाहेर शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, इतिहास-मराठीच्या विद्यार्थ्याला तिथे घरच्यासारखं वाटेल. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालयही शांत आहे.

हात

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी जोर देऊन सांगते. वीस वर्षांत आपण पेनाने किती लिहिलं? वाण्याची यादी आणि बँकेची स्लिप. आणि परीक्षेत सलग तीन तास लिहायचं असतं.

मी घड्याळ लावून पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा एका पानाला चौदा मिनिटं लागली आणि दुसऱ्या पानावर मनगट दुखायला लागलं. पेपर पूर्ण व्हायला पानाला सात-आठ मिनिटंच परवडतात. तेव्हा प्रवेश घेतल्या दिवसापासून रोज वीस मिनिटं लिहा. पहिला महिना वर्तमानपत्रातला अग्रलेख नुसता उतरवून काढा. यात डोक्याला काम नाही, फक्त हाताला वळण लागतं. दुसऱ्या महिन्यापासून पुस्तक मिटून, आठवेल तसं. तिसऱ्यापासून जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न, वेळ लावून. परीक्षेच्या आधी किमान दोनदा पूर्ण तीन तासांचा पेपर घरी बसून लिहा. मधे उठायचं नाही, चहा नाही, फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना सांगून ठेवा की आज आई परीक्षेला बसली आहे.

चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं आणि आपण त्याला 'अभ्यासात लक्ष लागत नाही' असं समजतो. स्टोअरच्या दादांचं तसंच झालं होतं. नंबर बदलल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं वाचन रुळावर आलं.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची आणखी एक सवय सांभाळावी लागते. आपल्याला माहिती खूप असते, म्हणून प्रश्न सोडून अनुभव लिहिला जातो. 'गिरणी संपाचे परिणाम लिहा' म्हटल्यावर १९८२ साली मुंबईतल्या नात्यातल्या घरात काय झालं ते मी दोन पानं लिहिलं. स्वाध्याय तपासणाऱ्या मॅडमनी समासात लिहिलं होतं, 'फार मनापासून लिहिलंय, पण मुद्दे कुठे आहेत?' त्यानंतर मी आधी पाठ्यपुस्तकातले पाच मुद्दे लिहायचे आणि अनुभव शेवटी, दोन ओळींत.

घर आणि वर्ग

'मला सगळ्यांनी मदत करा' असं घरात म्हटलं की कुणीच करत नाही. कामं नेमून द्या. आमच्याकडे रविवारचं दुपारचं जेवण नवऱ्याकडे आणि पहाटेचं दूध मुलाकडे गेलं. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नव्हतं. 'या वयात पुस्तकं घेऊन काय बसतेस गं?' असं त्या म्हणायच्या. मी वाद घातला नाही. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा आला तेव्हा तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. नंतर त्या स्वतःच संध्याकाळी विचारायला लागल्या, 'आजचा धडा राहिला का गं?' घरात वडीलधारं माणूस असेल तर त्यांना श्रोता करून बघा. मोठ्याने समजावून सांगितलेलं पक्कं बसतं, आणि त्यांनाही बरं वाटतं.

संपर्कसत्राला, म्हणजे दूरशिक्षणाच्या अधूनमधून होणाऱ्या वर्गाला, पहिल्या दिवशी मला पाहून दोन मुली उभ्या राहिल्या, त्यांना मी शिक्षिका वाटले. सरांनी 'मॅडम' म्हटलं, मुलांनी 'काकू'. मला काकू चाललं. ज्यांना नको असेल त्यांनी पहिल्याच दिवशी आपलं नाव सांगावं, मुलं ऐकतात. व्हॉट्सॲप गटात स्वतःहून सामील व्हा. फॉर्मची मुदत, बदललेलं वेळापत्रक, सगळं तिथे आधी येतं, फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन खात्री करून घ्यायची. त्यांना तुमच्याकडूनही हवं असतं. मी माझ्या सुवाच्य नोट्सचे फोटो टाकायचे, त्या बदल्यात मुलं मला पीडीएफ जोडायला आणि स्वाध्याय अपलोड करायला शिकवायची.

स्वाध्याय वेळेवर द्या. इग्नूत बहुतेक विषयांना ३० टक्के गुण त्यांचेच असतात. हे घरी बसून, पुस्तक समोर ठेवून मिळवायचे गुण आहेत, ते सोडू नका.

परीक्षा आणि त्यानंतर

हॉलतिकीट आलं की आधी नाव, मग विषयांचे कोड, मग केंद्र पाहा. केंद्र अनोळखी असेल तर आदल्या रविवारी एकदा जाऊन या. बेलापूरला राहणाऱ्या एका ताईंचं केंद्र कल्याणला आलं होतं. ठाण्याला गाडी बदलायला किती वेळ लागतो ते त्यांनी आधी पाहून ठेवलं, म्हणून पेपरच्या दिवशी पळापळ झाली नाही. कार्यालयात रजा वेळापत्रक आल्या दिवशीच टाका, पेपर पुढे ढकलले जातात तेव्हा बदलायला वेळ राहतो. दुखणं किंवा अपंगत्व असेल आणि लेखनिक लागणार असेल तर त्याचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी करावा लागतो.

निकालात गुण अनपेक्षित कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते आणि मग पुनर्मूल्यांकन. मुदत थोड्या दिवसांची असते. अंगणवाडीच्या एका ताईंचे अकरा गुण त्यात वाढले.

शेवटच्या सहामाहीची मार्कशीट हाती आली की काम संपलं असं वाटतं. पदवी प्रमाणपत्र वेगळं असतं, दीक्षान्त समारंभासाठी त्याचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरायचा राहून गेलेले लोक मला भेटले आहेत. त्या फॉर्मवर नाव पुन्हा एकदा टाइप करावं लागतं. मराठीत वेगळं, इंग्रजीत वेगळं, आईचं नाव वेगळं. शेजारी राजपत्राचं पान ठेवा आणि अक्षराला अक्षर लावून बघा. प्रमाणपत्र हातात आलं की खिडकीपासून बाजूला होण्याआधी ते तिथेच उभं राहून पूर्ण वाचा.